कास पठार ते इमॅजिका : रांग चुकवायला पैसे भरावेत का?

गणपती उठले होते, घटस्थापनेला अवकाश होता आणि घटक चाचणीचे गठ्ठे तपासून शाळेत जमा झाले होते. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी मिळाली, तेव्हा बेत ठरायला वेळ लागला नाही. सांगलीहून मी, नवरा, सातवीतली सई आणि माझे सासू-सासरे, म्हणजे आई आणि अप्पा. साताऱ्याहून नणंद हेमाताई, दाजी आणि त्यांचा नववीतला ओम. शनिवारी कास पठार, रविवारी खोपोलीजवळचं इमॅजिका थीम पार्क, सोमवारी घरी.

परत आल्यावर शाळेत पहिला प्रश्न आला तो इमॅजिकाच्या एक्स्प्रेस तिकिटाचा. जादा पैसे भरून रांग चुकवणारं ते तिकीट घ्यावं की नको? आमच्यातल्या तिघांकडे एक्स्प्रेस होतं आणि पाच जणांकडे साधं, त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही बाजू बघायला मिळाल्या. पण त्याचं नीट उत्तर द्यायचं तर आदल्या दिवशीचं कास सांगावं लागतं. म्हणून क्रमानेच लिहिते.

शुक्रवार : सांगली ते सातारा

शाळा सुटल्यावर निघालो. पेठ नाका, कराड, महामार्गाच्या रुंदीकरणापायी जागोजागी वळवलेली वाहतूक, आणि दिवेलागणीनंतर सातारा. डिकीत सांगलीचं भडंग घेतलं होतं, त्यातली एक पिशवी कराडच्या आतच संपली.

हेमाताईंनी वाघ्या घेवड्याची आमटी केली होती. कोरेगाव भागातला हा घेवडा, अंगावर वाघासारखे पट्टे असलेला. त्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शिजला की आमटीला आपोआप दाटपणा येतो, वाटण घालावं लागत नाही. सोबत ज्वारीची भाकरी आणि खर्डा. अप्पांनी आमटी दोनदा मागून घेतली, आणि ते सहसा मागून घेत नाहीत.

जेवताना तिकिटांचा विषय निघाला. दाजींनी त्यांच्या तिघांची एक्स्प्रेस तिकिटं आधीच काढली होती. "वहिनी, तुमचीही काढतो. पैशाचं नंतर बघू," असं ते मनापासून म्हणाले. त्यांचं कारणही खरं होतं. हेमाताईंना कमरेच्या दुखण्यामुळे दहा मिनिटांच्या वर एका जागी उभं राहवत नाही. आमच्याकडे मात्र पाच माणसं, त्यातली दोन सत्तरीतली. मोठ्या राईडमध्ये ती बसणार नाहीत हे ठरलेलं. साध्या आणि एक्स्प्रेसमधल्या फरकाला पाचने गुणलं तर आकडा मोठा होत होता. नवऱ्याने साधीच काढली.

सई आणि ओम एकमेकांकडे बघत होते. शेवटी सईनेच विचारलं, "म्हणजे आपण वेगवेगळे फिरणार?"

तेव्हा त्याचं उत्तर कोणी दिलं नाही.

शनिवार : कास

सकाळच्या वेळेचं बुकिंग होतं. यवतेश्वरचा घाट चढलो तेव्हा ढग रस्त्यावर उतरले होते आणि समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत होते. पार्किंगला गाडी लावून तिथल्या बसने वर गेलो. बसमधून उतरलो आणि थोड्याच वेळात ढग वर सरकले. आधी जांभळट गुलाबी तेरडा दिसला, मग त्याच्या पलीकडे सोनकीचा पिवळा, आणि मधल्या ओल्या भागात पांढऱ्या गेंदाचे ठिपके. सई काहीच बोलली नाही. तिच्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

आमच्यासोबत पठाराखालच्या गावातली एक मार्गदर्शक बाई होती. तिने आम्हाला एका पाणथळ जागेपाशी उकिडवं बसवलं आणि सीतेची आसवे दाखवली. निळसर जांभळं, नखाएवढं फूल. "ही मांस खाते," ती म्हणाली. मुलांना खरं वाटेना. मग तिने समजावलं. इथे जांभ्याच्या कातळावर मातीचा थर पातळ, त्यात झाडाला पोसायला फारसं काही नाही, म्हणून या वनस्पतीच्या बुडाशी बारीक बारीक पिशव्या असतात आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. तिने फुलाला बोट लावलं नाही, आम्हालाही लावू दिलं नाही. ओमने गुडघे मातीत टेकून फोटो काढले. त्या मातीचे डाग पुढे रविवारभर त्याच्या पॅन्टवर होते.

कास २०१२ मध्ये जागतिक वारसा स्थळांत गेलं आणि त्यानंतर गर्दीचा लोंढा आला. फुलं पायाखाली जायला लागली. मग वनखातं आणि गावांच्या समितीने दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा घातली. वेळ ठरवून ऑनलाइन बुकिंग, आणि त्या वेळेचा आकडा भरला की संपलं.

ही मर्यादा कशी पाळली जाते ते परतताना बघायला मिळालं. एक मोठी गाडी बुकिंगशिवाय आली होती. गाडीतले गृहस्थ सभ्य होते, आवाज चढवत नव्हते. लांबून आलोय, सोबत लहान मुलं आहेत, दुप्पट घ्या, तिप्पट घ्या, असं सांगत होते. नाक्यावरचा तरुण गावातलाच, हातात पावत्यांचा गठ्ठा. तो म्हणाला, "साहेब, पैसे तिप्पट दिलेत म्हणून पठार तिप्पट होत नाही. तुम्ही उद्या सकाळचं बघा, मी इथंच बसून बुकिंग करून देतो." आणि खरंच त्याने त्यांचा फोन घेऊन मंगळवारची वेळ काढून दिली, कारण मधले दोन्ही दिवस भरलेले होते. गाडी वळली. मागच्या सीटवरची मुलं हिरमुसली होती, त्यांच्यासाठी मला वाईट वाटलं. पण वर पठारावर आम्ही दोन तास मोकळे फिरलो, कोणाचा धक्का लागला नाही, कुठे रांग लागली नाही, ते त्या तरुणाच्या नकारामुळेच.

कासला जाणाऱ्यांसाठी: ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत फुलं असतात, पण कुठलं फूल कधी बहरेल हे पावसावर ठरतं. शनिवार-रविवारचं बुकिंग फार लवकर भरतं, जमत असेल तर मधला वार धरा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वर वारा असतो. पायांत घट्ट बूट घाला, कातळ ओला असला की निसरडा होतो. आई-अप्पांसारखी माणसं बरोबर असतील तर घाई न करता मुख्य पायवाटेवरच फिरा, तेवढ्यातही भरपूर दिसतं.

खाली आल्यावर टपरीवर भाजलेली कणसं आणि कांदाभजी. आईंनी कणसाला लिंबू-तिखट स्वतःच्या हाताने चोळून सगळ्यांना दिलं. संध्याकाळी लवकर झोपायचं ठरलं, आणि मुलं सोडून सगळे झोपलेही.

रविवार : इमॅजिका

पहाटे साडेचारला साताऱ्यातून निघालो. खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलो तेव्हा उजाडलं नव्हतं. पुण्याच्या बाहेर चहा, एक्स्प्रेसवेवर लोणावळ्याला पाऊस, घाट उतरल्यावर खोपोलीचा फाटा घेऊन पाली रस्ता. दार उघडायच्या आधी आम्ही तिथे होतो, आणि आमच्या आधीही बरेच जण.

इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झालं. २०२२ पासून ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क अशी तीन वेगवेगळी तिकिटं. एका दिवसात थीम पार्क तेवढंच नीट होतं. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, त्यामुळे उरलेलं भडंग आम्ही पार्किंगमध्येच वाटून संपवलं.

दार उघडल्यावर सई, ओम, नवरा आणि मी थेट नायट्रो या रोलर कोस्टरकडे चालत सुटलो. दाजी मागून येत होते. हेमाताई, आई आणि अप्पा सावकाश. नायट्रोच्या तोंडाशी वाट दोन झाली. डावीकडे साधी रांग, उजवीकडे एक्स्प्रेस. ओम क्षणभर थांबला, सईकडे बघितलं, मग दाजींबरोबर उजवीकडे गेला. एवढ्या सकाळी साधी रांगही लहान होती. आम्ही वीस-पंचवीस मिनिटांत वर पोचलो आणि फलाटाच्या जिन्याशी दोन्ही रांगा जिथे एक होतात तिथे येऊन थांबलो.

या पूर्ण दिवसात मी सगळ्यात बारकाईने बघितलेली जागा ती. तिथे निळ्या गणवेशातली, विशीतली एक मुलगी उभी होती. एक हात साध्या रांगेच्या दोरीवर, दुसरा एक्स्प्रेसच्या. इकडचे काही सोडायचे, तिकडचे काही सोडायचे, पुढच्या गाडीतल्या जागा मोजायच्या, चौघांचं कुटुंब तुटणार नाही हे बघायचं, चष्मे आणि मोबाइल खिशात गेलेत का विचारायचं. नजर एकाच वेळी चार ठिकाणी आणि चेहऱ्यावर त्रागा नाही. मी "सई, पाठीवरची पिशवी काढ गं" म्हटलं, त्यावर ती वळून हसली. "काकू, सांगलीकडच्या का?" ती वाईजवळच्या गावची निघाली. तिने सांगितलं, "सकाळी एक्स्प्रेसवाले थोडे असतात, तेव्हा तुमची लाइन पटापट सरकते. दुपारी बघा, मग कळेल."

नायट्रोला पायाखाली जमीन नसते, पाय मोकळे लोंबतात. सव्वाशे फुटांच्या वर नेताना साखळीचा खडखडाट होत राहतो आणि चहूकडे पावसाने धुतलेले सह्याद्रीचे डोंगर दिसतात. तेवढं बघून होतं न होतं तोच खाली. पाच वेळा उलटं, वेग ताशी शंभरच्या पुढे. सईने माझा हात धरला होता की मी तिचा, हे नक्की नाही. उतरल्यावर ती म्हणाली, "आई, परत!" ओम बाहेर कठड्याला टेकून उभा होता. त्याचं एव्हाना दोनदा झालं होतं.

दुपारपर्यंत असंच चाललं. ओम आणि दाजी पुढे, आम्ही मागे. राजासॉरसच्या पाण्याच्या राईडला पोचलो तेव्हा ते दोघं भिजून, वाळून, पुढच्या राईडकडे निघालेले. (राजासॉरस हा खरा डायनासोर बरं का. नर्मदेच्या खोऱ्यात त्याचे अवशेष मिळाले आणि २००३ मध्ये त्याला हे नाव दिलं गेलं. रांगेत उभं असताना सईला हे सांगितलं, तर पुढच्या कुटुंबातला छोटा मुलगाही वळून ऐकत राहिला आणि "मग त्याचे दात कुठे ठेवलेत?" इथपर्यंत प्रश्न आले.)

जेवणानंतर त्या वाईच्या मुलीचं म्हणणं पटलं. साधी रांग तासाच्या पुढे गेली. रांगेत उभ्या उभ्या मी सईला हिशेब घातला, तो इथेही देते. आकडे समजण्यापुरते आहेत.

एक राईड ताशी ६०० माणसं नेते. रांगेत ६०० जण आहेत. सगळे एकाच रांगेत असतील तर शेवटच्याचा नंबर तासाभरात लागतो. आता एक्स्प्रेसवाले ताशी १२० येतात असं धरा. साध्या रांगेला उरल्या ४८० जागा, म्हणजे शेवटचा माणूस सव्वा तास थांबेल. पंधरा मिनिटं जास्त, ठीक आहे, सोसवेल. पण एक्स्प्रेसवाले ताशी ३०० झाले तर साध्या रांगेला ३०० जागाच उरतात आणि तोच माणूस दोन तास थांबतो. राईडचा वेग तोच, गाड्या त्याच. एक्स्प्रेसने वेळ वाचतो म्हणतात, पण तो कुठून तरी यावा लागतो. तो शेजारच्या रांगेतून येतो. सईने लगेच विचारलं, "मग सगळ्यांनीच एक्स्प्रेस घेतलं तर?" शाबास. मग परत एकच रांग आणि परत एकच तास, फक्त सगळ्यांचे पैसे जास्त गेलेले.

घरी आल्यावर या विषयावर बरंच वाचलं. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तेव्हा तो फुकट होता. यंत्रात तिकीट घातलं की परत येण्याची वेळ छापलेली चिठ्ठी मिळायची, तोवर दुसरीकडे फिरून या. म्हणजे तिथे आगाऊ नंबर लावण्याचं काम होतं आणि ते प्रत्येकाला करता यायचं. २०२१ मध्ये तो कायमचा बंद झाला आणि त्या जागी पैसे भरून घ्यायची जिनी प्लस आली, फ्लोरिडात सुरुवातीला दिवसाला माणशी १५ डॉलर. २०२४ मध्ये तिचं नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झालं, आणि त्याच वर्षी कुठल्याही वेळी सरळ पुढे जाऊ देणारा प्रीमियर पास निघाला. गर्दीच्या दिवशी फ्लोरिडातल्या एका पार्कसाठी त्याचा दर ४४९ डॉलरपर्यंत सांगितला गेला, तोही प्रवेशाच्या तिकिटावर वेगळा. युनिव्हर्सलमध्ये एक्स्प्रेसचे दोन प्रकार असतात, प्रत्येक राईडला एकदाच आणि हवं तितक्यांदा.

या सगळ्यात मला महत्त्वाची वाटली ती २०२० ची गोष्ट. टाळेबंदीनंतर जुलैत फ्लोरिडाचं डिस्ने उघडलं तेव्हा आगाऊ नोंदणी सक्तीची होती, आत सोडायची माणसं मोजकी होती, आणि फास्टपास बंद होता. रांगा एरवीपेक्षा खूपच लहान होत्या. रांग चुकवायची सोय नव्हती आणि कोणाला तिची गरजही पडत नव्हती. हे वाचलं आणि मला कासच्या नाक्यावरचा तो तरुण आठवला. रांगेवरचा खरा इलाज तोच आहे: आत किती माणसं सोडायची हे आधी ठरवणं. दाराशी आकडा धरला की आतली जागा विकायची वेळ येत नाही.

पार्कवाल्यांची बाजू मला कळते. असं पार्क चालवायला प्रचंड खर्च आहे. रोज सकाळी प्रत्येक राईड तपासावी लागते, मधल्या वारी गर्दी नसली तरी पगार तेवढेच. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून जास्त घेऊन बाकीच्यांचं तिकीट आवाक्यात ठेवता येतं, हेही खरं असू शकतं. माझं म्हणणं एवढंच की वरच्या हिशेबातले १२० आणि ३०० यांत फार फरक आहे, आणि कुठल्याही पार्कात त्या दिवशी एक्स्प्रेस किती विकलंय हे साधं तिकीट काढणाऱ्याला आधी कळायला हवं.

अप्पा आमच्याबरोबर आय फॉर इंडियाच्या रांगेत उभे होते. ही राईड वयस्कर माणसांनाही झेपते. आसन उचललं जातं आणि समोरच्या मोठ्या पडद्यावर देशभराच्या वरून उडत गेल्यासारखं वाटतं. रांग हलत नव्हती. "अप्पा, बसता का बाजूला?" मी विचारलं. ते म्हणाले, "अगं, पंढरीला मी याच्या कितीतरी पट उभा राहिलोय. आषाढीला मुख्यमंत्र्यांबरोबर महापूजेचा मान कोणाला मिळतो माहितीये ना? दर्शनाच्या रांगेत उभ्या असलेल्या वारकरी जोडप्याला." मग त्यांनी मागच्या पुण्याच्या कुटुंबाशी गप्पा काढल्या आणि राईड येईपर्यंत त्या कुटुंबाच्या गावाकडची ऊसतोड, मुलाची नोकरी, सगळं विचारून झालं होतं. आई मात्र गुडघ्याला हात लावून उभ्या होत्या. ते मी बघत होते.

साडेतीनला सर आली. विजा चमकायला लागल्या तशा उघड्यावरच्या राईड थांबवल्या, आणि ते योग्यच. दोन्ही रांगा रिकाम्या झाल्या, सगळे एकाच पत्र्याखाली. एक्स्प्रेसवाला आणि साधा, दोघांच्याही चपला सारख्याच भिजलेल्या. दाजी आणि ओम तिथेच भेटले. त्यांच्या मोठ्या राईड दुपारी दोनलाच संपल्या होत्या. हेमाताईंना मात्र तिकिटाचा खरा उपयोग झाला. ज्या राईडला त्या एरवी गेल्याच नसत्या, त्या सगळ्या त्यांनी केल्या आणि कंबरेचा पट्टा न बांधता दिवस काढला. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता, आणि दाजींनी खर्च केलेला रुपयान् रुपया मला त्या वेळी वसूल वाटला.

पावसात आतल्या राईड चालू होत्या. अलिबाबाच्या रांगेत सई उभी राहिली तसा ओमही तिच्यामागे येऊन उभा राहिला. दाजी म्हणाले, "अरे, आपली वाट तिकडून आहे." "असू दे पप्पा," एवढंच म्हणून तो सईच्या मोबाइलमध्ये डोकं घालून कासचे फोटो बघायला लागला. पाऊण तास दोघांची बडबड चालू होती. संध्याकाळच्या मिरवणुकीपर्यंत ते दोघं वेगळे झाले नाहीत.

आता शाळेत विचारणाऱ्यांना मी जे सांगितलं ते असं. मधल्या वारी जाणार असाल तर एक्स्प्रेसची गरज सहसा पडत नाही, साध्या तिकिटात भरपूर होतं. जोडसुट्टीला, लांबून, एकाच दिवसासाठी जाणार असाल तर विचार करा. पण तिकीट घरटी काढू नका, गुडघ्यांप्रमाणे काढा. आमच्या आठ जणांत एक्स्प्रेस हवं होतं ते हेमाताईंना, आईंना आणि अप्पांना. मुलांचे पाय दणकट असतात, आणि त्यांना एकमेकांबरोबर राहायचं असतं. मुलांमध्ये तरी दोन प्रकारची तिकिटं करू नका.

काढायच्या आधी अटी वाचा: प्रत्येक राईडला एकदाच की कितीही वेळा, कुठल्या राईड त्यात नाहीत, पावसाने राईड बंद पडली तर काय. पावसाळ्यात तर हे बघाच. साधं तिकीट असेल तर दार उघडताच सगळ्यात मोठ्या, उघड्यावरच्या राईडकडे जा, दुपारसाठी आतल्या राखून ठेवा, लोक जेवायला किंवा मिरवणूक बघायला गेले की परत बाहेरच्या धरा. उंचीची अट मुलांना घरीच मोजून सांगा, दाराशी रडारड नको. परदेशात काही पार्कांत एकट्या माणसासाठी वेगळी रांग असते, गाडीतली उरलेली सुटी जागा तिला मिळते. पैसे लागत नाहीत आणि नंबर लवकर येतो. आपल्याकडेही ती सर्रास व्हावी असं मला फार वाटतं.

रात्री खोपोलीत मुक्काम. पिठलं-भात मिळाला, गरम होता, त्याहून जास्त काही कोणाला नको होतं.

सोमवार : महड आणि परत

सकाळी महडच्या वरदविनायकाला गेलो. खोपोलीपासून जवळच आहे, अष्टविनायकांपैकी एक. इथला नंदादीप १८९२ पासून तेवतोय असं सांगतात. सोमवार असल्याने गर्दी बेताची. आई कठड्याला धरून सावकाश पुढे सरकत होत्या, मागच्या दोन तरुणांनी "आजी, या तुम्ही पुढे" म्हणून वाट दिली, त्यांच्या पुढच्यांनीही दिली. रांगेतल्या माणसांनी स्वतःहून पुढे सोडणं आणि पैसे भरून पुढे जाणं यांत मला जो फरक वाटतो, तो मी तिथेच दाजींना बोलून दाखवला. ते म्हणाले, "वहिनी, पटतंय. पण हेमाला त्या रांगेत कोणी पुढे सोडलं असतं?" तिची कंबर बाहेरून दिसत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. यावर एक्स्प्रेसवेच्या पहिल्या टोलपर्यंत आमची चर्चा चालली. निघालं ते असं की ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक पार्कात आणि प्रत्येक देवळात बिनपैशाची बसायची सोय हवी. नंबर रांगेतलाच, थांबायचं मात्र खुर्चीवर. आम्हा दोघांनाही हे मान्य झालं. हीच सूचना मी घरी येऊन दोन-तीन पार्कांच्या अभिप्रायाच्या रकान्यांत लिहून पाठवली आहे, रोजच्या एक्स्प्रेस तिकिटांचा आकडा जाहीर करण्याच्या मागणीसकट.

साताऱ्यात हेमाताईंकडे जेवण, कंदी पेढ्याची खोकी शेजाऱ्यांसाठी आणि शाळेसाठी. ओम आणि सईने पुढच्या सप्टेंबरचा बेत परस्पर ठरवून टाकलाय: कास मधल्या वारी, इमॅजिका मंगळवारी, आणि तिकिटं सगळ्यांची सारखी. दाजींनी "सुट्टी कोण देणार?" विचारलं, तर दोघांनीही माझ्याकडे बोट दाखवलं.

चारला निघालो. पेठ नाक्यावर चहा, साडेसातला सांगली.